भरीत, ठळक

फॉन्टचं नाव ठरवण्यात आमचा आठवडा गेला.
लोटन पेंटर म्हणाले, फुगा. ते आधीच कोणीतरी घेतलेलं.
लाडू म्हटलं की लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते.
शेवटी दुकानासमोर हातगाडी थांबली, बामणोदची वांगी,
हिरवी, तुकतुकीत, एकमेकांना रेलून बसलेली,
आणि मी फाइल सेव्ह केली :
भरीत.

अख्ख्या चोपड्यात त्यांच्या अक्षराला कोपरा नाही.
का नाही, ह्याच्या तीन गोष्टी आहेत.
एक, जिनिंगमध्ये तर्जनीचं पेर गेलं,
ब्रश वळवताना टेकायला काही उरलं नाही.
दुसरी, मे महिन्यात भर दुपारी पत्र्यावर रंगवलं
की ऑइलपेंट आपणहून टोकं सोडतो.
तिसरी ते स्वतः सांगतात, तंबाखू मळत :
"कोपरा टोचस ना भो."

बर्फगोळ्याच्या गाडीवर हे अक्षर शोभलं.
अंगणवाडी क्रमांक सातवर शोभलं.
हाजी मुश्ताकच्या पंक्चरच्या दुकानावर तर असं,
की ट्यूबमध्ये हवा आधी भरली की शब्दात, कळू नये.
केळी पिकवायच्या गोदामावर 'के'ची मात्रा
घडातून सुटलेल्या केळ्यासारखी वाकली.
दातांच्या डॉक्टरने मात्र पैसे देऊन पाटी पुसून घेतली.
म्हणाला, पोरं आत येतात आणि चॉकलेट मागतात.

मी त्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढले, सायकलवरून,
एकेक अक्षर स्क्रीनवर आणून बसवलं.
ठ आयता मिळाला. ट, ढ, द हेही गुणी.
ण-ने छळलं, त्याला दोन पाय आणि दोघांचं पटत नाही.
शिरोरेघ म्हणजे उशी, एकाची दुसऱ्याला लागली पाहिजे,
नाहीतर शब्द झोपेतून खाली पडतो.
बारा पॉइंटला छापून पाहिलं :
'ष'चं पोट बुजलं, 'क्ष'चा नुसता गोळा.
हे अक्षर मोठ्यानेच बोलायचं. कुजबुज त्याला जमत नाही.
मजकुराला दुसरं काहीतरी सडपातळ घ्या,
असं मी सूचनांच्या पानावर लिहिलं.

आणि एक पाटी राहिली होती.
नगरपालिकेचं टेंडर, अर्ज एकच आलेला.
पिवळ्यावर निळं, सहा फूट लांब,
नदीकडे उतरताना डाव्या हाताला :
स्मशानभूमी.
गोबरी. गालांत हवा भरलेली.
पहिल्याच प्रेताबरोबर आलेला कोणी व्याही
वर बघून हसला,
मग खांदा बदलताना बाकीचेही, तोंड फिरवून.
तक्रार कोणी केली नाही.
पलीकडच्या वस्तीतली पोरं
जोडाक्षर शिकायला तिथेच येतात,
अर्धा स दाखवतात एकमेकांना, बोटाने.

ह्या पाटीचा फोटो मी काढला नव्हता.
पौषात तिथे गेले ती लोटन पेंटरांच्या इंदुबाईंना पोचवायला.
ते पाटीखाली थांबले.
मला वाटलं, धाप लागली असेल.

काल फॉन्ट पुरा झाला. त्यांना खुर्ची दिली, कूलर वळवला.
एकेक अक्षर मोठं करून दाखवत गेले,
ते नुसते मान हलवत राहिले, ठ-ला, ढ-ला,
ण-लासुद्धा.
भू आला तेव्हा म्हणाले, थांब.
"ह्याना उकार जास्तच फुगेल शे. कमी कर."
म्हटलं, बाबा, तुमच्या सगळ्या पाट्यांवर असाच आहे.
"हा. त्या दिन दखायना माले."

मी बिंदू पकडून आत ओढला.
अजून, म्हणाले.
अजून.
बारा एककं उकार आत गेला
आणि भू जरा उभा राहिला.
त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
आणि विचारलं, चहा सांगू का,
तुझ्या त्या ण-ले बी.